टेलच्या जहाजाची पाळी

भाऊजी, तुम्ही गेलात ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या मातीला आलेल्या दोघांनी आधीच म्हणून टाकलंय, आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "चेअरमन गेला. आता पाट तरी मोकळा वाहंल." दुसरा त्यावर हसला. दोघेही कालव्याच्या वरच्या अंगाचे, तुम्ही ज्यांची पाण्याची दारं बंद केलीत त्यांच्यापैकी. खालच्या टोकाची, टेलची माणसं उशिरा आली. त्यांना लांबून यायचं होतं. ती शेवटपर्यंत थांबली.

चौकात तुमचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर पाणीवापर संस्थेच्या चेअरमनपासून तुमची सगळी पदं आहेत, जन्माचं साल आहे, आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो तुमच्या फोटोपेक्षा मोठे आहेत. ज्याने तुम्हाला निवडणुकीत पाडलं त्याचा सगळ्यांत मोठा. तेव्हा ती माहिती मी इथे लिहीत नाही. मी बोलते आहे तुमच्याशी, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, ईरा आणि नील, तिकडे हॉलंडमध्ये. त्यांना फ्लेक्सवरचा माणूस माहीत नाही. त्यांना माहीत आहे तो दर रविवारी दुपारी शिरूरला माझ्या घरी लॅपटॉपसमोर बसून अंतराळातली जहाजं बुडवणारा आप्पाआजोबा.

त्या आप्पाआजोबांबद्दल त्यांची एक तक्रार होती. तुम्ही त्यांचं जहाज काळोखात सोडून गेलात, कोरडं, श्वास संपत आलेलं. नील फोनवर रोज एकच विचारायचा, "आजी, आमचं काय होणार?"

हा खेळ त्यानेच घरात आणला. त्याच्या वर्गातली मुलं टेबलाभोवती बसून तो खेळतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, संकटात काय करायचं ते ठरवतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगतो. नीलला गोष्ट सांगणारं कुणी हवं होतं. त्याने नियमांचं इंग्रजी पुस्तक पाठवलं आणि मी ते लॅपटॉपसमोर मराठी करून वाचत होते. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, शाळेत शिकवलंही तेच, त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात. तुम्ही सहज चहाला टेकला होतात. पुस्तकात लिहिलं होतं की जहाजांना इंजिन नसतं, ती जादूवर चालतात. ही जादू ताऱ्यांतून सगळीकडे सारखी पाझरते. ज्याला हवी त्याने हवी तितकी घ्यावी.

"थांबा वहिनी. हवी तितकी? कोनी लिव्हलंय हे?"

"लेखकाने."

"कवा पाटावर उभा न्हाई ऱ्हायला त्यो. फुकट मिळतंय आन् भांडण न्हाई, असं कुठं असतंय व्हय? मिटा ते पुस्तक. मी सांगतो पोरांना."

आणि चहा निवेपर्यंत तुम्ही एक विश्व उभं केलंत. ताऱ्यांचा उजेड मधोमध एका धरणात साठतो. धरणावर दाढीवाले जादूगार साहेब बसलेले. ते मनाला येईल तेव्हा आवर्तन, म्हणजे काही दिवसांपुरता उजेड, सोडतात. मग तो उजेड पोकळीतून कालव्याने वाहत येतो, निळा, गुणगुणत, आणि दारादारावर वाट बघणाऱ्या जहाजांना पाळीपाळीने मिळतो. उजेडाला तुम्ही पाणीच म्हणत राहिलात. जहाजावर ते कुदळ-फावड्याने वळवायचं. एक सरी शिडांना, एक सरी जहाजाच्या कातडीला, म्हणजे ती आपली आपण सांधली जाते, आणि एक सरी शेवाळाच्या वाफ्यांना, कारण श्वास तिथून येतो. तुमच्या शब्दांत, दारं धरायची. नीलच्या पुस्तकातली यंत्रं आणि मंत्र तुम्ही असे आपल्या बांधावर आणून उभे केलेत.

धरणाजवळची जहाजं गलेलठ्ठ. टेलची वाळकी. दौंड नावाचा एक प्रचंड तारा होता, तिथे गेल्यावर, आपल्या दौंड जंक्शनात रेल्वेला लागतं तसं, प्रत्येक जहाजाला तोंड फिरवूनच पुढे जावं लागे. शिक्रापूरच्या धुक्यात जहाजं एकामागे एक अडकत आणि खलाशी म्हातारे होत. सणसवाडीच्या चंद्रावर प्रत्येक प्राणी दुसऱ्याच आकाशगंगेतून आलेला, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा. तिथला म्हणावा असा एकटा घरमालक. ईराने दौंड शोधायला नकाशा उघडला आणि तो खरोखरच सापडला, तेव्हा ती किंचाळली होती.

"आप्पा, आमच्याकडे पाणी बाहेर फेकतात," तिने एकदा तुम्हाला सांगितलं. "पंप लावून. नाही तर आम्ही बुडू."

तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "आन् मग तिकडं भांडत्यात कशावरून?"

नील झाला कप्तान झिप, शेपटीवाला. ईरा झाली ओरा नावाची जादूगारीण. जहाजाचं नाव पाकोळी. मी यंत्रं सांभाळणारी, मला नाव सुचेना, तर तुम्ही म्हणालात, "मास्तरीण ठेवा, उगं कशाला खोटं." तुम्ही स्वतः बाकीचं सगळं विश्व, आणि शिवाय एक जहाज तुमचं स्वतःचं, 'चेअरमन' नावाचं, कायम आमच्या वरच्या दारावर. नीलने कुणाबरोबर तरी पाठवलेला वीस तोंडांचा फासा तुम्ही स्टीलच्या ताटात टाकायचात, म्हणजे मुलांना आवाज जावा. त्या आवाजाने माझं काळीज हलायचं. त्यांचं तर हलणारच.

तुम्ही त्यांना कधीही मुद्दाम जिंकू दिलं नाहीत. हे लिहायलाच हवं, कारण माणूस गेला की त्याला गोड करून सांगायची आपल्याकडे चाल आहे, आणि तुम्ही गोड नव्हता. तुमचा नियम एकच. पाळी आली की पाटकरी, म्हणजे कालव्याचा राखणदार, दारावर उभा राहून नाव घेऊन हाक मारणार. हाकेला ओ आली तर पाणी तुमचं. ओ आली नाही तर पाळी खालच्याला. गेलेली पाळी परत येत नाही.

ईराची परीक्षा होती, ती एका रविवारी आली नाही. तुम्ही ओराच्या नावाने हाक मारलीत. लॅपटॉपमध्ये एकटा नील बसलेला. तो म्हणाला, "तिचा पेपर आहे." पाळी गेली, जहाजाच्या कातडीला पाणी मिळालं नाही; तुम्ही ताटात फासा टाकलात आणि फाटलेल्या कातडीत ओराचा उजवा हात गेला. खांद्यापासून. रात्री माझ्या सुनेचा फोन आला, "आई, काकांना सांगा ना, ती रडून झोपलीय." मी तुम्हाला सांगितलं. मी म्हटलं, "भाऊजी, तेरा वर्षांची पोर आहे."

"खेळात कोन ल्हान असतंय व्हय, मास्तरीणबाई? पेपराला उशिरा गेली तर बसू देत्यात का तिला?"

"तो पेपर आहे. हा खेळ आहे."

"मग रडली कशाला?"

पुढच्या रविवारी ईरा सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तिने ओराला फावड्याच्या पात्याचा लोखंडी हात करून आणला होता, कागदावर काढून, त्याला मंत्र कुठून भरायचा त्या छिद्रासकट. तुम्ही कागद निरखून पाहिलात आणि म्हणालात, "पातं उलटं बसवलंय." बस. मुलीने आठवडाभर राबून केलेल्या वस्तूला तुम्ही एवढंच म्हणालात. तिने तिथल्या तिथे ते सुलट केलं. त्यानंतर ती एकही रविवार चुकली नाही.

आता आपलं भांडण. ते मुलांना माहीत नाही, आणि त्याशिवाय त्यांना तुम्ही कळणार नाही.

तुमचे दादा, म्हणजे मुलांचे आजोबा, पुण्याला दवाखान्यात होते तो उन्हाळा. शेतात कांदा उभा होता, पोसायच्या वेळेचा. विहिरीने तळ दाखवलेला. सगळी भिस्त कालव्याच्या पाळीवर. पाळीच्या दिवशी बांधावर आमच्या घरचं कुणीही नव्हतं. मी यांच्या उशाशी होते, मुलगा विमानात होता. आणि दुसऱ्याच्या नावाने कुणी उभं राहायचं नाही, हा संस्थेचा नियम तुम्हीच केला होतात. का केलात ते मला माहीत होतं. टेलची माणसं कारखान्यात पाळीवर गेली की वरचे लोक त्यांच्या नावाने ओ देऊन पाणी ओढत. नियम चांगलाच होता. मी जन्मभर नियमाने वागलेली बाई आहे, चांगला नियम मला कळतो. पण हाक मारली गेली, ओ आली नाही, आणि सख्ख्या भावाची पाळी तुम्ही खालच्याला दिलीत.

तेही मी सोसलं असतं. दोन दिवसांनी तुम्ही दवाखान्यात आलात. यांना बोलायला त्रास होत होता. तरी तुम्हाला पाहून यांनी विचारलं, "दत्तू, कांद्याला पाणी बसलं का?"

"न्हाई दादा. पाळी गेली."

यांनी डोळे मिटले. भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी पुन्हा कुणाशी बोलले नाहीत, आणि पुढे बोलायचे दिवसही फारसे उरले नव्हते. मी तुम्हाला बाहेर पॅसेजमध्ये धरलं. "एक शब्द खोटं बोलला असतात तर काय गेलं असतं तुमचं? हो बसलं म्हणायचं. त्यांना कुठे उठून बघायला जायचं होतं?"

तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होतात. "खोटं बोलून पाणी येतं का, वहिनी?"

हे वाक्य मी विसरले नाही. हे गेल्यानंतर वर्षभर मी तुमच्याशी अक्षर बोलले नाही. तुम्ही मात्र दर बाजारच्या दिवशी येत राहिलात. मी चहाचा कप तुमच्यापुढे आपटायची, तुम्ही तो प्यायचात, आणि "येतो" म्हणून जायचात. शेवटी मीच बोलले. "पडेल चेअरमन," असं म्हणाले, कारण तेव्हा तुम्ही निवडणूक हरला होतात आणि मला आनंद झाला होता. तुम्ही म्हणालात, "चला, तोंड तरी उघडलं." माफी मागितली नाहीत. मीही माफ केलं नाही.

आणि मग तो शेवटचा रविवार.

पाकोळी टेलला पडली होती. शिडं लोंबत होती, कातडीला भेगा, शेवाळ पिवळं. आवर्तन संपत आलेलं. एकच पाळी उरलेली आणि ती तुमच्या जहाजाची. ती झाली की धरण बंद, आणि आमचा श्वास पुढच्या आवर्तनापर्यंत पुरणार नव्हता.

"आप्पा, थोडंसं द्या ना," नील म्हणाला.

"थोडंसं म्हंजी किती, कप्तान?"

"श्वासापुरतं."

"पाळी माजी हाय."

"पण तुमचं जहाज भरलेलं आहे!"

"मग? भरल्याला पाळी नसती व्हय? दार फोडायची हिंमत हाय का बोल."

नीलने ईराकडे पाहिलं. ईरा म्हणाली, "दार फोडलं तर आपल्यासारखे टेलला जे आहेत ते मरतील." तिला हे तुम्हीच शिकवलं होतं.

"मग बसा तसंच," तुम्ही म्हणालात आणि फासा खिशात टाकलात. "पुढल्या रविवारी माजी पाळी झाली की बघू काय उरतंय ते."

तुम्ही दारात चपला घालत होतात, तेव्हा मी म्हणाले, "निर्दयी आहात तुम्ही."

"चहात साखर कमी व्हती," तुम्ही म्हणालात.

आपलं शेवटचं बोलणं हे. गुरुवारी तुम्ही गेलात.

पुढच्या रविवारी तुमच्या मनात काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. मुलांना मी सहज सांगू शकले असते की आप्पा पाणी देणारच होते, नुसतं घाबरवत होते. नीलला झोप लागली असती. पण मला ते माहीत नाही. आणि खरं सांगू का, मला नाही वाटत तुम्ही दिलं असतंत.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तेव्हा सगळे आपापली वचनं तयार ठेवून उभे होते. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग एकेकाने पुढे होऊन सांगायचं, काळजी करू नका, अमुक बघू, तमुक करू. तुमचा मुलगा तयार होता. माझ्याकडेही एक होतं, घरून पाठ करून आणलेलं. पण आम्ही मागे सरलोही नव्हतो तोच कावळा उतरला आणि पिंड घेऊन गेला. लोक म्हणाले, काय तृप्त जीव! मला राग आला. म्हणजे तुमचं कुणाकडे काहीच राहिलं नव्हतं? माझ्याकडेही नाही? मी एवढी वर्षं भांडण जपून ठेवलं, आणि तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

परत येताना तुमची मंदा माझ्या शेजारी चालत होती. ती रडत नव्हती. तुमच्याबरोबर संसार केलेली बाई लवकर रडत नाही. मी तिला म्हणाले, "अगं मंदा, कावळ्यालाही थांबवलं नाही यांनी."

"थांबत्यात व्हय ते कुनासाठी? आपल्या दादांच्या पाळीला तेवढे थांबले."

मी उभी राहिले. "म्हणजे?"

"अक्का, तुमास्नी म्हाईत न्हाई? पाटकऱ्याला बाजूला सारून ह्यांनीच हाक मारली. दादा, ओ दादा! पुन्यात दवाखान्यात हाय म्हाईत असून. मारत्यात आन् मारत्यात. समदी मानसं बांधावर हसाया लागली. शेवटी खालचा म्हनला, चेअरमन, पुरे की आता, पानी वाया चाललंय. तवा कुठं दार सोडलं. घसा बसला व्हता घरी आले तवा. मी म्हनलं, कशापायी येवढं नाटक? तर मलाच वरडले बसक्या आवाजात."

तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये तुमचा आवाज बसलेला होता आणि मला वाटलं, उन्हातून आलात म्हणून. सांगितलं असतंत तर मी वर्षभर बोलले नसते तरी निदान चहाचा कप नीट ठेवला असता. पण हे ऐकून मी तुम्हाला माफ केलं, असं समजू नका. हाका मारून कांद्याला पाणी बसलं नाही. यांनी भिंतीकडे केलेलं तोंड तसंच आहे.

दहाव्यानंतरच्या रविवारी दुपारी मुलांचा फोन आला. ईरा म्हणाली, "आजी, खेळ बंद करू या." नील नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी मंदाकडून फासा मागून आणला होता, तो तुमच्या सदऱ्याच्या खिशातच होता. ताट घेतलं. तुमच्या खुर्चीत बसले नाही. ती मला उंच होते.

"पाळी 'चेअरमन' जहाजाची आहे," मी म्हणाले. "पाटकरी हाक मारतोय."

तुम्ही माझे धाकटे दीर, तरी मी कधी तुम्हाला नावाने हाक मारली नव्हती. आमच्या पिढीत ते जड जायचं. नियम नाव घेण्याचा होता, म्हणून घेतलं. "दत्तात्रय!" खोलीत पंखा फिरत होता. पुन्हा मारली. पुन्हा मारली. नियमात बसत होती त्याहून बऱ्याच जास्त वेळा मारली असणार, कारण शेवटी ईरा कळवळून म्हणाली, "आजी, पुरे की आता."

तिला मंदाचं बोलणं माहीत नव्हतं.

"ओ आली नाही," मी म्हणाले. "पाळी खालच्या जहाजाला. पाकोळी."

नीलचा चेहरा उजळायला हवा होता. तो म्हणाला, "मग आप्पांचं जहाज?"

"कोरडं पडेल."

"पण ते भरलेलं होतं!"

"हाकेला ओ न देणारं जहाज रिकामंच असतं, नील. आत कुणी नाही."

"मग मी ओ देणार नाही," तो म्हणाला. "ती आप्पांची पाळी आहे. आपण थांबू. ते उशिरा आले तर?"

ईराने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सरळ विनंती होती. आजी, काहीतरी सांग ना. एक शब्द. ते दुसऱ्या ताऱ्यावर गेलेत म्हण. त्यांनीच पाणी ठेवलंय म्हण. सांगायला किती सोपं होतं, भाऊजी. यांच्या उशाशी तुम्हालाही तितकंच सोपं होतं.

"ते येणार नाहीत," मी म्हणाले. "आणि तू ओ दिली नाहीस तर तुझीही पाळी जाईल. मग ईरा, तू आणि मी, तिघेही संपलो. मी थांबणार नाही."

तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. त्याची आई मागून येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे, मी एकेकाळी तुमच्याकडे पाहिलं होतं, तशी पाहत राहिली.

"कप्तान झिप!" मी हाक मारली.

काही नाही.

"कप्तान झिप!"

ईराने आपला लोखंडी हाताचा कागद उचलून छातीशी धरला. सरी वळवायला ती तयार होती.

"कप्तान झिप!"

नीलने बाहीने नाक पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं, आणि ओ दिली.